ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा स्कोअर वहीत कसा मांडायचा

२००६ सालच्या अंतिम सामन्याचा निकाल असा लिहिला जातो: वेस्ट कोस्ट १२.१३ (८५), सिडनी १२.१२ (८४). हा खेळ ज्याने कधी पाहिला नाही, त्याला यात दशांश चिन्ह दिसते आणि कंसातला आकडा कुठून आला ते कळत नाही. मी डिचोलीत मराठी शाळेत गणित शिकवत होते. दशांश चिन्हाच्या उजवीकडे ‘तेरा’ वाचणाऱ्या मुलांना मी वर्गात उभे केले आहे, त्यामुळे माझी नजरही आधी त्या टिंबावरच गेली.

ते दशांश चिन्ह नाही. टिंबाच्या डावीकडे गोल, उजवीकडे बिहाइंड, म्हणजे थोडक्यात हुकलेले गोल, कंसात एकूण गुण. गोलचे ६, बिहाइंडचा १. बारा सक बहात्तर, त्यात तेरा मिळवा, पंच्याऐंशी. सिडनीचे बहात्तर आणि बारा, चौऱ्याऐंशी. एवढे आले की अर्धे काम झाले.

क्रिकेट बघणाऱ्याला तर हे आधीच येते, फक्त येते हे माहीत नसते. १२.३ षटके म्हणजे किती चेंडू? बारा सक बहात्तर आणि तीन, पंच्याहत्तर. हिशेब तोच. षटकांच्या जागी गोल, चेंडूंच्या जागी बिहाइंड. फरक एकच, आणि तो मोठा आहे. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की षटक पुढे सरकते. इथे सहा बिहाइंड झाले म्हणून गोल मिळत नाही. बिहाइंड कितीही साचले तरी ते टिंबाच्या उजवीकडेच राहतात. १९४८ च्या अंतिम सामन्यात एसेंडनचा स्कोअर होता ७.२७ (६९) आणि मेलबर्नचा १०.९ (६९). बरोबरी! एकाने ३४ वेळा गुण नोंदवले, दुसऱ्याने १९ वेळा, आणि बेरीज तीच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना पुन्हा खेळवला, तो मेलबर्नने जिंकला.

मी हे लिहिते आहे त्याचे कारण साधे. बहिणीचा मुलगा मेलबर्नला असतो. शनिवारी फोन आला की ‘मावशी, बघतेस ना?’ हा पहिला प्रश्न. आमच्या वाड्यावर आणखी दोन-तीन घरांतली मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेली आहेत, त्यांचे आईवडीलही आता मोबाइलवर हायलाइट्स बघतात आणि मग मला विचारतात. गोव्यात फुटबॉल कळत नाही असा माणूस सापडणे कठीण. २०१२ पासून तो आपला राज्य खेळ आहे. पण जितका आपला फुटबॉल पक्का, तितका हा स्कोअर जास्त गोंधळात टाकतो, कारण इथले बरेच निर्णय आपल्या सवयीच्या बरोबर उलटे आहेत.

आधी खांब बघून घ्या. मैदान लंबगोल, क्रिकेटचेच. १८५९ साली मेलबर्नमध्ये ज्यांनी या खेळाचे पहिले नियम लिहिले त्यांतला टॉम विल्स हा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असे त्याने आदल्या वर्षी सुचवले होते. त्या लंबगोलाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे. मधले दोन उंच, ते गोलचे. त्यांच्या बाहेर एकेक बुटका, तो बिहाइंडचा. प्रत्येक दोन खांबांमधले अंतर ६.४ मीटर. म्हणजे आपल्या फुटबॉलच्या ७.३२ मीटरच्या गोलपेक्षा हा मधला दरवाजा अरुंदच. पण वर आडवा बार नाही, मागे जाळी नाही आणि राखायला गोलकीपर नाही. चेंडू कितीही उंचावरून गेला तरी चालतो.

मधल्या दरवाजातून गेला तर ६, बाजूच्या दोनपैकी कुठल्याही दरवाजातून गेला तर १. सर्वसाधारणपणे एवढेच सांगून लोक थांबतात, आणि तिथेच घोळ होतो. मधल्या दरवाजातून गेलेला प्रत्येक चेंडू गोल नसतो.

माझे धाकटे दीर तरुणपणी गोलकीपर होते. अजूनही एफसी गोवाचा सामना असला की फातोर्ड्याला जातात. त्यांना मी पहिल्यांदा शेजारी बसवून एक सामना दाखवला तेव्हा चेंडू उंच खांबाला आतून लागून आत गेला, आणि गोल अंपायरने एकच बोट दाखवले.

‘वहिनी, पोस्टला लागून आत गेला. गोल झाला की!’

‘नाही भाऊजी. बिहाइंड. एक गुण.’

‘आत गेला ना पण?’

आत गेला. तरीही एक. गोलच्या खांबाला चेंडू लागला की तिथेच खेळ थांबतो आणि एक गुण मिळतो. मग तो आत जावो, बाहेर जावो की उसळून परत मैदानात येवो. आपल्याकडे पोस्टला लागून आत गेलेला गोल हा सर्वांत देखणा, इथे तो सर्वांत चुटपुट लावणारा. बुटक्या खांबाला लागला तर तोही गुण नाही. चेंडू मैदानाबाहेर गेला असे धरतात. किक मारल्यावर टप्पा न पडता, कुणाचा हात न लागता थेट जाऊन लागला तर समोरच्यांना फ्री किक.

दुसरी अट स्पर्शाची. गोल व्हायला चेंडू हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूच्या पायाने मारलेला हवा, आणि पायापासून रेषेपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाचाही स्पर्श होता कामा नये. बचाव करणाऱ्याच्या बोटाचे टोक लागले तरी गोलचा बिहाइंड होतो. स्वतःच्याच साथीदाराचा हात लागला तरी तेच. म्हणून तुम्हाला दिसेल की चेंडू डोक्यावरून चालला असताना बचावपटू नुसते बोट लावायला उड्या मारतात. त्या एका बोटाची किंमत पाच गुण आहे. चेंडू वाटेत टप्पे खात गेला तरी मात्र हरकत नाही. जमिनीवरून लोळत गेला तरी ६ च. इथला चेंडू अंडाकृती, त्यामुळे तो टप्पा घेऊन कुठल्या दिशेला वळेल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाय म्हणजे गुडघ्याखालचा भाग. नडगीला लागून गेला तर गोल, मांडीला लागून गेला तर बिहाइंड. हाताने ठोसून किंवा अंगाने ढकलून नेला तरी बिहाइंड.

तिसरी गोष्ट दिरांना सर्वांत जास्त खटकली. या खेळात स्वतःवर गोल होत नाही. बचाव करणाऱ्याने आपल्याच उंच खांबांमधून चेंडू मारला, नेला, ढकलला, तर समोरच्या संघाला एकच गुण मिळतो. त्याला रश्ड बिहाइंड म्हणतात. म्हणजे अगदी गळ्याशी आले की बचावपटू सहा गुण वाचवण्यासाठी एक गुण मुद्दाम देऊन टाकतो. ‘हा तर सौदा झाला,’ दीर म्हणाले. सौदाच आहे, आणि व्यवहारी सौदा आहे, कारण बिहाइंड झाल्यावर चेंडूही बचाव करणाऱ्यांच्याच हातात येतो. गोलसमोरच्या छोट्या चौकटीतून ते किक मारून खेळ सुरू करतात. गोल झाला तर मात्र खेळ मैदानाच्या मध्यावरून पुन्हा सुरू होतो.

हा सौदा किती ताणता येतो ते २००८ च्या अंतिम सामन्यात दिसले. हॉथॉर्न १८.७ (११५), जिलाँग ११.२३ (८९). जिलाँगच्या त्या २३ बिहाइंडपैकी ११ हॉथॉर्नने स्वतःहून दिलेले होते. पुढच्याच वर्षी नियम आला: दबाव नसताना जाणूनबुजून चेंडू आपल्या रेषेपार केला तर समोरच्याला गोलच्या तोंडाशी फ्री किक. आता बचावपटूला खरोखर कुणी घेरलेले असेल तरच ही सूट. ‘खरोखर घेरले होते का’ यावर दर आठवड्याला वाद होतात, त्यात आपण पडू नये.

रेषेचे मात्र आपल्यासारखेच. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला पाहिजे. थोडासा जरी रेषेवर असेल आणि बचावपटूने तो झेलला, तर गुण नाही.

आणि सायरन. प्रत्येक क्वार्टर २० मिनिटांचा, पण खेळ थांबला की घड्याळही थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास जातो. असे चार. सायरन वाजण्याआधी खेळाडूने किक झेलली असेल, म्हणजे मार्क घेतला असेल, तर सायरननंतरही त्याला त्याची किक मिळते आणि तिचे गुण धरले जातात. तेव्हा सायरन ऐकून वही मिटू नका.

आता वही. मी हजेरीपटाची उरलेली पाने वापरते. शाळेतून निवृत्त होताना कोरे हजेरीपट रद्दीत निघाले होते, ते घरी आणले. त्यात आयत्या बारीक चौकटी असतात. नसेल तर चौकटीची वही कुठेही मिळते. पान आडवे धरा. वर एका संघाचे नाव, खाली दुसऱ्याचे. प्रत्येकासमोर चार मोठे रकाने, चार क्वार्टरचे. गोलला उभी रेघ, बिहाइंडला टिंब, रश्ड बिहाइंडला पोकळ वर्तुळ. बस्स. रेघा-टिंबे ज्या क्रमाने घडतील त्याच क्रमाने एका ओळीत मांडत जा, गोल एकीकडे आणि बिहाइंड दुसरीकडे असे वेगळे करू नका. क्रम हाताशी असला की नंतर ओळीवरून नजर फिरवली तरी सामना दिसतो: रेघ, रेघ, रेघ असे लागोपाठ आले की तिथे एका संघाने झोडपले आहे. टिंब, टिंब, टिंब, टिंब आले की चेंडू सतत पुढे जातो आहे पण नेम लागत नाही.

रश्डला वेगळी खूण का, ते २००८ वरूनच कळेल. नुसते ११.२३ वाचले तर जिलाँगचे नेमबाज आंधळे होते असे वाटते. पोकळ वर्तुळे बाजूला काढली की उरतात ११ गोल आणि १२ बिहाइंड. म्हणजे नेम वाईट होता, पण तितकाही नव्हता. शिवाय रश्ड बिहाइंड कुठल्याही खेळाडूच्या नावावर लागत नाही. खेळाडूंच्या बिहाइंडची बेरीज संघाच्या बिहाइंडपेक्षा कमी आली तर घाबरू नका, फरक तुमच्या वर्तुळांत सापडेल.

एक शिस्त पाळा: झेंडे हलल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. चेंडू खांबांतून गेला की लोक ओरडतात, समालोचक ओरडतात, खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडतात. यातल्या कशालाच किंमत नाही. आधी मैदानातला अंपायर ‘ऑल क्लिअर’ देतो, म्हणजे मध्ये कुठली फ्री किक वगैरे नाही असे सांगतो. मग रेषेवरचा गोल अंपायर खूण करतो: दोन्ही हातांची एकेक बोटे समोर ताठ, तर गोल. एकच बोट, तर बिहाइंड. खांबाला लागला असेल तर तो हाताने खांबावर थापटून दाखवतो आणि मग एक बोट. त्यानंतर पांढरे झेंडे. गोलला दोन, बिहाइंडला एक. समोरच्या टोकाचा गोल अंपायरही झेंडे हलवून पोच देतो आणि दोघेही आपापल्या कार्डावर नोंद करतात. क्वार्टर संपला की दोघांची कार्डे ताडून बघतात. एवढ्या मोठ्या फलकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या काळातही हाताने लिहिलेले कार्ड टिकून आहे, याचा मला फार आनंद होतो.

कॅमेरा आहेच. २००९ च्या अंतिम सामन्यात जिलाँगचा एक चेंडू खांबाला लागला असूनही गोल दिला गेला, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. २०१२ पासून चित्रीकरण बघून निर्णय तपासायची सोय आली. पद्धत आपल्या डीआरएसच्या जवळची: गोल अंपायर आधी आपले मत सांगतो, चित्रात उलट काही स्पष्ट दिसले नाही तर ते मत कायम. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये ॲडलेडचा सिडनीविरुद्धचा एक चेंडू अगदी शेवटच्या क्षणांत खांबाला लागला असे ठरवले गेले आणि कुणी तपासलेच नाही. तो स्वच्छ गोल होता. सहाच्या जागी एक मिळाला, ॲडलेड एका गुणाने हरले, आणि चूक झाल्याचे लीगला कबूल करावे लागले. निकाल बदलला नाही. तुमच्या वहीतही अशा ठिकाणी जे दिले गेले तेच लिहायचे. वाटल्यास समासात एक उद्गारचिन्ह काढा.

क्वार्टर संपला की बेरीज. इथे नवख्यांची हमखास गल्लत होते, म्हणून उदाहरण घेते. हे मी बनवलेले आहे, खऱ्या सामन्याचे नाही. फलकावर एका संघाचे आकडे असे दिसले:

३.४ (२२), ५.९ (३९), ९.१० (६४), १२.१४ (८६)

हे चार क्वार्टरचे चार वेगळे स्कोअर नाहीत. प्रत्येक आकडा सामना सुरू झाल्यापासूनचा आहे. चारही मिळवायला गेलात तर दोनशेच्या वर जाल. अंतिम स्कोअर शेवटचाच, १२.१४ (८६). त्या-त्या क्वार्टरची कमाई हवी असेल तर मागचा आकडा वजा करा, आणि वजाबाकी टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र करा. इथे हातचा घ्यायचा नसतो. तर येते: ३.४, २.५, ४.१, ३.४.

आता मधले दोन क्वार्टर बघा. दुसऱ्यात या संघाने सात वेळा गुण नोंदवले, मिळाले १७. तिसऱ्यात पाचच वेळा, मिळाले २५. नुसत्या कंसातल्या आकड्यांवरून हे कधीच कळले नसते. कंस सांगतो कोण जिंकले, टिंबाच्या दोन बाजू सांगतात कसे जिंकले. वर्तमानपत्रात जागा वाचवायला कधी फक्त ८५-८४ छापतात, तेव्हा मला कुणीतरी कादंबरीचे शेवटचे पान तेवढे हातात दिल्याची चीड येते.

फरक वाचण्याचीही एक रीत आहे. दोन संघांमधले अंतर सहाने भागा. अंतर ५ किंवा कमी असेल तर एका गोलने आघाडी बदलते. ६ असेल तर गोलने फक्त बरोबरी होते. ७ झाले की एका किकचे काम उरत नाही. म्हणूनच शेवटच्या पाच मिनिटांत आघाडीवरचा संघ एखाद्या बिहाइंडवरही खूश होतो: अंतर ६ चे ७ झाले. तीच वेळ पिछाडीवरच्यांची असेल तर ते बिहाइंड नकोसे वाटते, कारण एक गुण मिळाला पण चेंडू गेला.

‘पण नेम चुकलेल्याला गुण कशाला?’ हा दिरांचा आक्षेप अजून मिटलेला नाही. त्यांच्या बाजूने इतिहास आहे म्हणा. १८९७ पूर्वी बिहाइंड नोंदवले जात, पण निकाल फक्त गोलवर लागे. त्या वर्षी मेलबर्नमध्ये नवी लीग सुरू झाली आणि तिच्याबरोबर सहा-एकचा हिशेब आला. माझे उत्तर मी वहीतून काढून दाखवते. २००५ च्या अंतिम सामन्यात सिडनी ८.१० (५८), वेस्ट कोस्ट ७.१२ (५४). पुढच्या वर्षी तेच दोन संघ, तोच सामना, आणि सुरुवातीला दिला तो निकाल: दोघांचे बारा-बारा गोल, आणि एका बिहाइंडने वेस्ट कोस्टचे जेतेपद. १९६६ मध्ये सेंट किल्डा १०.१४ (७४), कॉलिंगवूड १०.१३ (७३). सेंट किल्डाचे आजवरचे ते एकमेव जेतेपद, तेही एका बिहाइंडवर उभे. २०१८ मध्ये वेस्ट कोस्ट ११.१३ (७९), कॉलिंगवूड ११.८ (७४). पुन्हा गोल सारखेच.

आणि सर्वांत डोकेदुखीचा २०२३ चा: कॉलिंगवूड १२.१८ (९०), ब्रिस्बेन १३.८ (८६). ब्रिस्बेनने गोल जास्त केले आणि ते हरले! हा स्कोअर दाखवला तेव्हा दीर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे सारखे दार ठोठावणाऱ्यालाही काहीतरी द्यायचे.’ मी याहून चांगले सांगू शकले नसते. पुढच्या वर्षी ब्रिस्बेनने सिडनीला १८.१२ (१२०) विरुद्ध ९.६ (६०) असे धुतले. अठरा सक एकशे आठ, नुसत्या गोलांचीच जपमाळ पूर्ण झाली.

२०१० चा सामना मात्र मी वाड्यावरच्या प्रत्येकाला बघायला लावते. कॉलिंगवूड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८). शेवटच्या काही मिनिटांत सेंट किल्डाच्या लेनी हेजने लांबून किक मारली. चेंडू गोलसमोर पडला, मागे स्टीफन मिल्न एकटा धावतो आहे, समोर दार उघडे. चेंडू सरळ उसळला असता तर सहा गुण आणि जेतेपद. तो आडवा उसळला, मिल्नच्या हाती न लागता बाजूच्या दरवाजातून गेला. एक टिंब. बरोबरी. आठवड्याने सामना पुन्हा खेळवला, त्यात कॉलिंगवूडने १६.१२ (१०८) विरुद्ध ७.१० (५२) असे एकतर्फी जिंकले. आता ती पद्धत बंद झाली. अंतिम सामन्यात बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ खेळवतात.

बघायचे कधी? मोसम मार्च ते सप्टेंबर, त्यात आपला ऐन पावसाळाही येतो. एप्रिलपासून मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते, पर्थचे अडीच तास. दुपारचे सामने आपल्याकडे सकाळी नाश्त्याच्या वेळी येतात, रात्रीचे दुपारच्या चहाला. अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, तिकडे अडीचला, इकडे सकाळी दहाला. जुलै-ऑगस्टमध्ये वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही. गेली तर त्या क्वार्टरच्या रकान्यात तिरकी रेघ मारून ठेवा, रात्री हायलाइट्समधून गोल भरा. हायलाइट्समध्ये बिहाइंड सगळे दाखवत नाहीत, म्हणून ते फलकावरच्या आकड्यावरून वजाबाकीने काढायचे. त्यांचा क्रम मिळणार नाही, संख्या मिळेल.

नवीन शिकणाऱ्याने बायकांच्या लीगपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. ती २०१७ साली सुरू झाली. क्वार्टर आटोपशीर, गुण कमी होतात, पेन्सिलला दम खायला वेळ मिळतो. पुरुषांच्या सामन्यात एखाद्या दिवशी फार धांदल उडते. १९९२ मध्ये जिलाँगने ब्रिस्बेनविरुद्ध ३७.१७ (२३९) केले होते. त्या दिवशी माझ्या हजेरीपटाचे पान पुरले नसते.

घरात पाढे पाठ करणारी मुले असतील तर त्यांनाही बसवा. त्यांच्यासाठी दोन गणिते देते. पहिले सोपे: एका संघाचे एकूण गुण ४०, तर गोल आणि बिहाइंड किती प्रकारे असू शकतील? गोल शून्यापासून सहापर्यंत काहीही असू शकतात, तेव्हा सात प्रकारे, ०.४० पासून ६.४ पर्यंत.

दुसरे मी दहावीच्या मुलांना घालत असे. असा स्कोअर शोधा की गोल आणि बिहाइंड यांचा गुणाकार केला तरी एकूण गुणच मिळतील. शून्य सोडून असे चारच आहेत. गोल ग, बिहाइंड ब धरले तर ग × ब = ६ग + ब. सगळे एका बाजूला आणून मांडले की (ग − १)(ब − ६) = ६. सहाचे अवयव पाडा, १ आणि ६, २ आणि ३, ३ आणि २, ६ आणि १. उत्तरे: २.१२ (२४), ३.९ (२७), ४.८ (३२) आणि ७.७ (४९). सामना चालू असताना फलकावर यातला एखादा येतो, बहुधा पहिल्या दोन क्वार्टरमध्ये. तो आधी ज्याला दिसेल त्याने ओरडायचे, असा आमच्याकडे नियम आहे.